बारावीनंतर न्यायसहायक विज्ञान : थेट बी.एस्सी. फॉरेन्सिक की आधी रसायनशास्त्र?

प्रवराकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझी मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाली असून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित असे चारही विषय तिने घेतले होते. आम्ही संगमनेर तालुक्यात राहतो आणि मी एका माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. नीटमध्ये तिला वैद्यकीय प्रवेशापुरते गुण मिळाले नाहीत, परंतु त्याची तिला फारशी रुखरुख दिसत नाही, कारण दहावीपासून तिने न्यायसहायक विज्ञान, म्हणजे फॉरेन्सिक सायन्स, हेच मनाशी धरले आहे. सुरुवातीला मला तो दूरचित्रवाणीवरील मालिकांचा परिणाम वाटला. मात्र ती रक्तगट, बोटांचे ठसे आणि विषांविषयी जे प्रश्न विचारते, त्यांची उत्तरे देताना माझीच तारांबळ उडते, त्यामुळे तिची ओढ खरी आहे हे मी मान्य केले आहे.

आमच्यासमोर सध्या दोन वाटा आहेत. एक म्हणजे तालुक्याच्या ठिकाणी नेहमीच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणे आणि पुढे एम.एस्सी.ला फॉरेन्सिककडे वळणे. दुसरी म्हणजे आत्ताच बी.एस्सी. फॉरेन्सिकला प्रवेश घेणे. एका खासगी विद्यापीठाचे माहितीपत्रक घरी आले आहे. त्यात पांढरे अंगरखे घातलेली मुले पिवळ्या फितीच्या आत काहीतरी मोजत आहेत, आणि वार्षिक शुल्क दीड लाखाच्या घरात आहे. शंभर टक्के नोकरीची हमीही छापलेली आहे, आणि नेमकी तीच वाचून माझा विश्वास डळमळला.

या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्या किंवा सध्या शिकत असलेल्या सदस्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती. घरातील वडीलधाऱ्यांचा एक आक्षेपही नोंदवतो : “पोरीच्या जातीनं मढी फाडायची का?” असे माझ्या आत्याने सरळ विचारले. त्यावर काय उत्तर द्यावे?

---

काचपात्र

सर, मी राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत विषशास्त्र विभागात नोकरी करून निवृत्त झालो आहे. आधी आत्याबाईंच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण ते सर्वांत सोपे आहे. शवविच्छेदन हे डॉक्टरांचे काम आहे. त्यासाठी किमान एम.बी.बी.एस. व्हावे लागते, आणि त्यात तज्ज्ञ व्हायचे तर पुढे न्यायवैद्यकशास्त्रात एम.डी. करतात. न्यायसहायक विज्ञान शिकलेली व्यक्ती शवविच्छेदन करत नाही आणि तिला तसा अधिकारही नाही. आमच्या टेबलावर मृतदेह कधीच येत नाही, बरण्या येतात.

या बरण्यांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण हा अभ्यास नेमका कशाचा आहे ते त्यावरून कळेल. विषबाधेचा संशय असला की डॉक्टर व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अंतर्गत अवयवांचे भाग, राखून ठेवतात. त्यात सर्वसाधारणपणे जठर आणि त्यातील अन्न, लहान आतड्याचा सुमारे ३० सेंटिमीटरचा भाग, यकृताचा सुमारे ५०० ग्रॅमचा तुकडा, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा अर्धा भाग आणि प्लीहेचा तुकडा असतो. हे सारे मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात, आणि त्याच द्रावणाचा नमुना वेगळ्या बाटलीत पाठवणे अपेक्षित असते. पोलीस अंमलदार लाखेचे सील केलेला मुद्देमाल घेऊन येतो. सीलचा ठसा पत्रावरील नमुन्याशी जुळतो का, लेबलवरील नाव आणि गुन्ह्याचा किंवा अकस्मात मृत्यूचा क्रमांक बरोबर आहे का, हे पाहिल्याशिवाय आम्ही बरणी स्वीकारत नाही. घाईघाईत कोणी मिठाऐवजी फॉर्मेलिन ओतलेले असले, तर झाकण उघडताक्षणी वासानेच कळते आणि पुढचे अनेक दिवस जड जाणार याची खूणगाठ बांधावी लागते, कारण फॉर्मेलिनमुळे अनेक विषांचा शोध अवघड होतो आणि डी.एन.ए.चीही नासाडी होते.

मग खरे काम सुरू होते. धान्यात ठेवण्याच्या गोळ्या खाल्ल्याचा संशय आहे, असे समजा. त्या गोळ्यांत अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड असते आणि त्यापासून फॉस्फिन वायू निघतो. व्हिसेऱ्याचा थोडा भाग चंचुपात्रात घेऊन आम्ल घालायचे आणि वर सिल्व्हर नायट्रेटमध्ये भिजवलेला कागद धरायचा. कागद काळा पडला म्हणजे फॉस्फिन आहे, असे पाठ्यपुस्तक सांगते. परंतु आपल्याकडे उन्हाळ्यात, कित्येकदा दोन-तीन दिवसांनी सापडलेल्या मृतदेहाचा व्हिसेरा कुजलेला असतो, आणि कुजलेल्या मांसातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. तोही तोच कागद तसाच काळा करतो. म्हणून वायूच्या वाटेत आधी लेड अ‍ॅसिटेटचा कापूस ठेवायचा, म्हणजे सल्फाइड तिथेच अडकतो. कापूस काळा आणि कागद पांढरा राहिला तर ते विष नसून केवळ कुजणे आहे. कापूस ठेवायचा विसरलेला विश्लेषक एखाद्या निरपराध सासूला किंवा नवऱ्याला तुरुंगात पाठवू शकतो. हे सारे रसायनशास्त्र आहे, सर. कीटकनाशकांच्या प्रकरणातही तेच. द्रावकाने निष्कर्षण करायचे, सिलिका जेलच्या पट्टीवर ठिपके द्यायचे, शेजारी माहीत असलेल्या कीटकनाशकाचा ठिपका द्यायचा, फवारा मारून रंग पाहायचा, मग उपकरणावर खात्री करून घ्यायची. शेतीप्रधान राज्यात विषशास्त्र विभागाकडे येणाऱ्या कामाचा मोठा भाग असाच शेतातल्या औषधांचा असतो.

म्हणूनच माझे मत असे की मुलीने रसायनशास्त्रात पक्की बी.एस्सी. करावी आणि एम.एस्सी.ला फॉरेन्सिक किंवा विश्लेषणात्मक रसायनशास्त्र घ्यावे. राज्याच्या प्रयोगशाळांचे संचालनालय गृह विभागाच्या अखत्यारीत असून मुख्यालय मुंबईत कालिना येथे आहे. नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती अशा ठिकाणी प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. सहायक रासायनिक विश्लेषकाची भरती लोकसेवा आयोगामार्फत होते, आणि वैज्ञानिक सहाय्यकासारख्या पदांसाठी संचालनालय जाहिरात काढते. गेल्या काही वर्षांतील जाहिराती काढून केवळ पात्रतेचा परिच्छेद वाचावा. पदनामातच ‘रासायनिक विश्लेषक’ हे शब्द आहेत, यावरून काय ते समजावे. जाहिराती दरवर्षी निघत नाहीत, हेही लक्षात असू द्यावे.

---

सूक्ष्मदर्शी_एमएस्सी२

प्रवराकाठ काका, नमस्कार. मी शासकीय संस्थेतून बी.एस्सी. फॉरेन्सिक केले असून आता त्याच विषयात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. काचपात्र सरांविषयी पूर्ण आदर राखून त्यांच्या निष्कर्षाशी मी अंशतः असहमत आहे.

सरांनी विषशास्त्राच्या खिडकीतून पाहिले आहे, आणि तिथे रसायनशास्त्राला पर्याय नाही हे खरेच. परंतु प्रयोगशाळेत जीवशास्त्र व डी.एन.ए., बॅलिस्टिक्स (बंदुका आणि गोळ्यांची तपासणी), भौतिकशास्त्र, सायबर, आवाजाची ओळख, मानसशास्त्र असेही विभाग असतात. तीन वर्षांच्या नेहमीच्या बी.एस्सी.त पुरावा म्हणजे काय, तो कुणी कसा उचलायचा, कशात बांधायचा आणि त्यावर कुणाकुणाच्या सह्या हव्यात, याचा एक तासही नसतो. आमच्याकडे पहिल्याच वर्षी खोट्या घटनास्थळावर पंचनामा लिहायला बसवले होते. खोलीच्या दारापासून रक्ताच्या डागाचे अंतर दोन भिंतींपासून मोजून आराखडा काढायचा होता, आणि एकाच भिंतीपासून मोजलेल्यांचे आराखडे बाईंनी न तपासता परत केले होते. अशी शिस्त नंतर चिकटवता येत नाही.

एक प्रात्यक्षिक सविस्तर सांगते, म्हणजे आपल्या मुलीला अंदाज येईल. रक्ताच्या प्राथमिक ओळखीसाठी कॅसल-मेयर चाचणी करतात. डागावर गाळणकागद घासायचा, त्यावर अल्कोहोलचा थेंब, मग फिनॉल्फ्थॅलीनच्या रंगहीन केलेल्या अभिकर्मकाचा थेंब टाकायचा आणि थांबायचे. या टप्प्यावरच कागद गुलाबी झाला तर चाचणी बाद. झाला नाही तर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकायचा, आणि काही सेकंदांत गुलाबी रंग उमटला तर रक्त असण्याची शक्यता नोंदवायची. बाईंनी आम्हाला क्रमांक घातलेले कापडाचे तुकडे दिले होते. जवळजवळ प्रत्येकीला तीन तुकड्यांवर रक्त सापडले. प्रत्यक्षात एकावर खाटकाकडून आणलेले बकऱ्याचे रक्त होते आणि उरलेल्या दोहोंवर मुळ्याचा रस. वनस्पतींतील पेरॉक्सिडेझ हे विकरही तोच रंग देते. तेच तुकडे तापवून पुन्हा चाचणी केली, तेव्हा मुळा गप्प बसला आणि रक्ताने पुन्हा रंग दिला. मग रक्ताच्या खात्रीसाठी ताकायामा चाचणीचे गुलाबी सुईसारखे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली शोधायचे, आणि ते दिसल्यावरही रक्त माणसाचेच आहे हे ठरवायला आणखी वेगळी चाचणी करायची. वर्गातील निम्म्या मुलांचा मालिकांचा ज्वर त्याच आठवड्यात उतरला.

महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. शुल्क परवडणारे असते, जागा मात्र मोजक्या असतात, म्हणून प्रवेशाच्या सूचनेवर लक्ष ठेवावे लागते. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आहे. आधी ते गुजरात राज्याचे विद्यापीठ होते, २०२० मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा करून त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला. तिथे बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक बी.एस्सी.-एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे आणि प्रवेशासाठी त्यांची स्वतःची परीक्षा असते. त्याचे एक संकुल दिल्लीत आणि एक गोव्यातही आहे. मध्य प्रदेशातील सागर विद्यापीठाचा विभाग १९५९चा, म्हणजे या विषयातला देशातील जुन्यात जुना. त्याचेही नाव यादीत असू द्यावे.

खासगी विद्यापीठाला नकारच द्या असे मी म्हणणार नाही, पण माहितीपत्रक बाजूला ठेवून एकदा स्वतः जाऊन या. उपकरणांची यादी मागण्यापेक्षा वरच्या वर्गातील कुणा विद्यार्थ्याचे जर्नल पाहायला मागा. बंदुकीच्या दोन गोळ्यांवरच्या रेषा शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासाठी तुलनात्मक सूक्ष्मदर्शक लागतो. जर्नलमध्ये त्याचे प्रात्यक्षिक पुस्तकातली आकृती उतरवून भागवलेले असेल, तर उपकरण एक तर नाही किंवा काचेच्या कपाटात कुलूपबंद आहे. शिक्षकांपैकी किती जण याच विषयातील नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) उत्तीर्ण आहेत आणि किती जण तासिका तत्त्वावर आहेत, हेही मोकळेपणाने विचारा. नेटमध्ये न्यायसहायक विज्ञान हा स्वतंत्र विषय आहे.

आमच्या पदवीची उणीवही सांगते. सर्व विषय थोडे थोडे होतात, त्यामुळे एकाही विषयात रसायनशास्त्राच्या पदवीधराइतकी खोली येत नाही, आणि औषधनिर्मिती कंपनीच्या मुलाखतीत “मग तुम्हाला नक्की काय येते?” असा प्रश्न येतो. माझ्या दोन मैत्रिणींनी त्यामुळे एम.एस्सी.ला विषय बदलला.

---

प्रवराकाठ

दोघांचेही मनापासून आभार. आत्याला बरण्यांची माहिती वाचून दाखवली. “मग ठीक आहे, पण हात धुऊन घरात ये म्हणावं,” एवढ्यावर तिने सोडले. मुलीने मुळ्याचा प्रयोग घरी करून पाहण्याचा हट्ट धरला होता, तो तूर्त टाळला आहे.

आणखी दोन शंका आहेत. पहिली अशी की न्यायालयात साक्षीला उभे राहण्याचा प्रसंग कितपत येतो, आणि त्याची तयारी शिक्षणात होते का? दुसरी, नव्या फौजदारी कायद्यांमुळे या क्षेत्रात हजारो नोकऱ्या निघणार आहेत असे माहितीपत्रकात म्हटले आहे, त्यात तथ्य किती?

---

उलटतपासणी

मी सातारा जिल्ह्यात फौजदारी वकिली करतो आणि बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने उभा असतो, हे आधीच स्पष्ट करतो. आपल्या कन्येची भावी कारकीर्द मी दुसऱ्या बाजूच्या खुर्चीतून पाहतो आहे.

दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १७६च्या पोटकलम ३ नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणे आणि त्याचे चित्रीकरण करणे बंधनकारक केले आहे. मात्र राज्य सरकारांना ही तरतूद अमलात आणण्यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत दिलेली आहे. महाराष्ट्रातही फिरत्या प्रयोगशाळांच्या व्हॅन आता रस्त्यावर आल्या आहेत. तेव्हा मनुष्यबळाची गरज खरी आहे. परंतु गरज असणे, पद मंजूर होणे आणि ते पद भरले जाणे या तीन गोष्टींच्या मध्ये सरकारी दप्तरात किती अंतर असते, ते शिक्षक असल्याने आपण जाणताच. जाहिरात आलीच तर नेमणूक नियमित आहे की कंत्राटी, हे आधी वाचावे. खासगी विद्यापीठाला सरकारी नोकरीची हमी देता येत नाही, आणि ज्याने ती छापली त्याला माझ्या साक्षीपिंजऱ्यात उभे करायला मला आवडेल.

आता न्यायालयाविषयी. शासकीय प्रयोगशाळेतील ठरावीक तज्ज्ञांचा अहवाल, त्यांना प्रत्यक्ष न बोलावताही, संहितेच्या कलम ३२९ खाली पुराव्यात वाचता येतो. पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २९३ होते. म्हणून बहुसंख्य खटल्यांत विश्लेषकाचे तोंडही कुणी पाहत नाही. पोलीस ठाण्यात “सीएचा रिपोर्ट आला का?” (सीए म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझर, रासायनिक विश्लेषक) एवढीच विचारणा होते. परंतु न्यायालयाला तज्ज्ञाला समन्स काढण्याचा अधिकार आहे, आणि खून किंवा बलात्काराच्या खटल्यात डी.एन.ए.चा अहवाल निर्णायक ठरणार असेल, तर आम्ही ती मागणी करतोच.

त्या दिवशी आम्ही काय विचारतो, याचे उदाहरण देतो. मद्य पिऊन वाहन चालवण्याच्या खटल्यात मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल एवढी आहे. अहवालात आकडा त्याहून थोडासाच जास्त आला आहे असे समजा. रसायनशास्त्रात मला फारशी गती नाही, आणि तशी गरजही पडत नाही. मी विचारतो : रक्त घेताना डॉक्टरांनी कातडी स्पिरिटने पुसली होती का? मुंबई दारूबंदी कायद्याखालील १९५९च्या नियमांत तिथे अल्कोहोल न वापरण्याची दक्षता सांगितलेली आहे. कुपीत सोडियम फ्लुओराइड होते का, की नमुना आंबण्याची शक्यता होती? रक्त कोणत्या तारखेला घेतले, प्रयोगशाळेत कोणत्या तारखेला पोचले, मधले दिवस ते कुणाच्या ताब्यात होते, मुद्देमाल रजिस्टरमध्ये त्याची नोंद कुठे आहे? सीलवरील अक्षरे अहवालात लिहिलेली आहेत का? यांपैकी बहुतेक प्रश्नांची उत्तरे विश्लेषकाकडे नसतातच, कारण त्या गोष्टी त्याच्या आधी घडलेल्या असतात. कसलेला विश्लेषक अशा वेळी शांतपणे “मला माहीत नाही, माझ्याकडे नमुना सीलबंद स्थितीत आला आणि सील नमुन्याशी जुळत होते” एवढेच सांगतो. नवशिका मात्र पोलिसांची बाजू सावरायला जातो, आणि मग आमचे काम सोपे होते.

तज्ज्ञाचे मत न्यायालयावर बंधनकारक नसते, हेही तिने आत्ताच मनात ठेवावे. शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा १९८४ चा निकाल कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ असतो. पुण्यातील त्या प्रकरणात आरोपीच्या पत्नीचा मृत्यू पोटॅशियम सायनाइडने झाला, याविषयी फारसा वाद नव्हता. ते विष कुणी दिले की तिने स्वतः घेतले, हा वाद होता, आणि त्याचे उत्तर कोणत्याही बरणीत नव्हते. विषप्रयोगाच्या खटल्यात हेतू, विषानेच झालेला मृत्यू, आरोपीच्या ताब्यात विष असणे आणि ते देण्याची संधी मिळणे या चार गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात, असे न्यायालयाने त्या निकालात सांगितले आणि आरोपीची निर्दोष मुक्तता केली. चारपैकी प्रयोगशाळेच्या हातात दुसरी गोष्ट येते, फार तर तिसरीला थोडा हातभार लागतो.

नार्को चाचणीचे आकर्षण तिला असेल तर तेही आत्ताच आवरावे. २०१० च्या सेल्वी निकालानुसार व्यक्तीच्या संमतीशिवाय ती करता येत नाही.

---

हॅशमूल्य

पुण्यात एका खासगी कंपनीत मी डिजिटल फॉरेन्सिकचे काम करतो, त्यामुळे थोडक्यात भर घालतो. आपल्या कन्येचा गणित हा विषयही आहे म्हणून ही वाट सुचवत आहे. सरकारी जाहिरातीची वाट न पाहता नोकरी मिळण्याची शक्यता आज या शाखेत तुलनेने अधिक आहे. बँका, विमा कंपन्या, लेखापरीक्षण करणाऱ्या संस्था यांना फसवणुकीच्या तपासासाठी अशी माणसे लागतात.

काम दिसायला अगदीच नीरस आहे. जप्त केलेला मोबाईल संदेश येऊ-जाऊ न देणाऱ्या पिशवीत ठेवायचा. हार्ड डिस्क थेट संगणकाला न जोडता, तिच्यावर काहीही लिहिले जाणार नाही अशा उपकरणामार्फत जोडायची आणि तिची हुबेहूब प्रत काढायची. मूळ आणि प्रत या दोहोंचे हॅश मूल्य, म्हणजे माहितीवरून गणिताने काढलेला तिचा जणू बोटाचा ठसा, जुळले तरच पुढे जायचे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्याच्या नमुन्यात आता हॅश मूल्याचा रकाना आहे, आणि एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच जण संगणकशास्त्राचे पदवीधर असतात. फॉरेन्सिकची पदवी घेतलेल्यांना प्रमाणपत्र आणि ताब्याची साखळी (पुरावा कधी कुणाच्या ताब्यात होता याची सलग नोंद) न सांगता समजते, पण फाइल व्यवस्था म्हणजे काय हे शिकवावे लागते. संगणकशास्त्राच्या मुलांचे नेमके उलटे असते.

---

काचपात्र

वकीलसाहेबांनी विचारलेले प्रश्न मी साक्षीपिंजऱ्यात उभा राहून ऐकलेले आहेत, तेव्हा त्यांच्या लिखाणात काही उणे-अधिक नाही. फक्त एक पुरवणी. साक्षीसाठी जिल्ह्याच्या न्यायालयात जावे लागते, एसटीने किंवा रेल्वेने, आणि अनेकदा तिथे पोचल्यावर पुढची तारीख पडते. प्रकरण तीन-चार वर्षांपूर्वीचे असते, त्यामुळे स्मरणावर काहीही बोलता येत नाही. त्या दिवशी टेबलावर लिहिलेल्या कच्च्या नोंदी हाच एक आधार असतो, म्हणून कच्च्या नोंदी पेनानेच लिहाव्यात आणि खाडाखोड झाली तर तिथे सही करावी, हे मी प्रत्येक नव्या सहाय्यकाला पहिल्या दिवशी सांगत असे.

सूक्ष्मदर्शी यांचे म्हणणे मी दोनदा वाचले. घटनास्थळाची शिस्त आधी लागलेली बरी, हा त्यांचा मुद्दा मला पटतो, आणि शासकीय संस्थेत प्रवेश मिळत असेल तर मीही तिकडेच पाठवीन. माझा आक्षेप दीड लाखाच्या माहितीपत्रकाला आहे. तेवढ्याच पैशात रसायनशास्त्राची पदवी होऊन एम.एस्सी.चा खर्चही बराचसा निघेल.

बोटांचे ठसे आणि हस्ताक्षर या विषयांची आवड असेल तर आणखी एक गोष्ट माहीत असावी. महाराष्ट्रात हे काम आमच्या संचालनालयाकडे नसून राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे, पुण्याला आहे. तिथली वाट वेगळी आहे, त्यामुळे त्या विभागाची भरती आणि अटी स्वतंत्रपणे पाहाव्या लागतील.

---

प्रवराकाठ

आपण सर्वांनी इतक्या तपशिलात लिहिले, त्यामुळे घरात आता निदान नीट चर्चा होऊ लागली आहे. संभाजीनगर आम्हाला जवळचे आहे, म्हणून तिथल्या शासकीय संस्थेत आणि मुंबईला अर्ज करायचे ठरवले आहे. तिथे नाव लागले नाही, तर तालुक्याच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र. एवढेच विचारतो की त्या परिस्थितीत नव्या शैक्षणिक धोरणानुसार मेजर रसायनशास्त्र घेतल्यावर मायनर कोणता विषय घ्यावा? वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भौतिकशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र असे पर्याय आहेत.

---

काचपात्र

सूक्ष्मजीवशास्त्र घ्यावे. कुजण्याची प्रक्रिया त्यातून समजते, आणि निर्जंतुक पद्धतीने काम करण्याची हाताला सवय लागते, ती पुढे डी.एन.ए. विभागात उपयोगी पडते. भौतिकशास्त्र वाईट नाही, कारण उपकरणांचे तत्त्व त्यातच आहे, पण तेवढे रसायनशास्त्राच्या वर्णपटविज्ञानातही येते. महाविद्यालयात क्रोमॅटोग्राफीचे, म्हणजे मिश्रणातील घटक वेगळे करण्याच्या पद्धतीचे, प्रात्यक्षिक प्रत्यक्ष होते का, एवढी चौकशी प्रवेशाआधी प्रयोगशाळा सहायकाकडे करावी. विभागप्रमुख ‘हो’ म्हणतील, प्रयोगशाळा सहायक खरे सांगेल.

---

सूक्ष्मदर्शी_एमएस्सी२

काका, संभाजीनगरला आणि मुंबईला अर्ज करताना अधिवास प्रमाणपत्र, आणि लागू असेल तर जातवैधता व नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र, आत्ताच तहसील कार्यालयातून मार्गी लावून ठेवा. आमच्या वर्गातील एका मुलीचा पहिल्या फेरीतील प्रवेश केवळ त्या एका कागदासाठी हुकला आणि तिला शेवटच्या फेरीपर्यंत ताटकळावे लागले. वसतिगृहासाठी वेगळा अर्ज असतो, तोही विसरू नका. आणि मुळ्याचा प्रयोग घरी करू देऊ नका. मुळ्याने काही होणार नाही, पण त्या चाचणीचे पेरॉक्साइड तीव्र असले तर हातावर पांढरे चट्टे उठतात. तिला आमच्या प्रयोगशाळेत यायचे असेल तर शिक्षकांची परवानगी काढून मी दाखवीन.